इंजिन चांगलंच होतं: बडोद्याच्या एका सुपरक्रॉस टीमचा हंगाम

पार्श्वभूमी

बडोद्यातली एक छोटी खाजगी टीम. एक रायडर, एक मेकॅनिक, सगळी जमवाजमव करणारा रायडरचा चुलतभाऊ आणि पैसे घालणारे एक गृहस्थ. हे गृहस्थ रायडरच्या वडिलांचे जुने मित्र. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, त्यांचं मशीन शॉप आहे. टीममध्ये त्यांना काका म्हणतात, मेकॅनिकला मामा आणि चुलतभावाला दादा. रायडरच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, टीममध्ये कसलंही पद नाही, पण पुढे तिच्या फोनचा संबंध येणार आहे. हंगाम संपल्यावर या मंडळींनी आपली वही, व्हिडिओ आणि बिलं मला दाखवली आणि मी चौघांशी वेगवेगळं बोललो. ओळख पटेल असे तपशील आणि फेऱ्यांची शहरं गाळली आहेत.

सुपरक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात डंपरनं माती आणून बांधलेल्या ट्रॅकवरची मोटरसायकल शर्यत. टेबलटॉप (सपाट माथ्याचा उंचवटा), डबल (एका उडीत ओलांडायचे दोन उंचवटे), कलते बर्म (वळणावरची मातीची कड) आणि वूप्स, म्हणजे एकामागोमाग एक छोट्या उंचवट्यांची रांग. प्रत्येक शहरात माती वेगळी. कुठे लाल मुरूम, कुठे काळी, कुठे वाळूमिश्रित. त्यामुळे दोन फेऱ्यांच्या लॅप टाइमची थेट तुलना करता येत नाही. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि फेरी हरल्यावर सगळ्यांना सोयीची पडते.

टीमची गाडी परदेशी बनावटीची, 250 सीसीची, चार-स्ट्रोक. शिवाय गॅरेजमध्ये त्याच मॉडेलची तीन हंगाम जुनी गाडी सुट्या भागांसाठी ठेवलेली. सराव वाघोडिया रस्त्याच्या बाजूला एका नातेवाइकाच्या शेतात. तिथली माती काळी, ओली झाली की भिजवलेल्या कणकेसारखी गाडीला चिकटते. प्रत्येक सरावानंतर गाडी प्रेशर वॉशला जायची. हे वाक्य लक्षात ठेवावं.

हंगाम सात फेऱ्यांचा. पहिल्या तीन फेऱ्यांत टीमनं दोन जिंकल्या, एकीत दुसरा नंबर. गुणतक्त्यात टीम सर्वांत वर होती.

घसरण

चौथ्या फेरीत रायडर चौथा आला. ट्रॅक लाल मुरमाचा आणि कडक होता, वळणांआधी ब्रेक लावून लावून खड्डे पडले होते. पहिले तीन लॅप तो आघाडीच्या गाडीला चिकटून होता, नंतर मागे पडत गेला. उतरल्यावर त्याच्या हातांची बोटं नीट उघडत नव्हती. मनगटापासून कोपरापर्यंत स्नायू दगडासारखे झाले होते. मोटोक्रॉसमध्ये हे नेहमीचं दुखणं आहे: हँडल फार घट्ट धरलं की हात भरून येतात, आणि हात भरले की हँडल आणखी घट्ट धरावं लागतं.

"मामा, मागचं चाक मला ऐकत नाही," असं तो म्हणाल्याचं वहीत मामांच्या अक्षरात लिहिलेलं आहे. त्याखाली दादाच्या अक्षरात: "पॉवर कमी. पुढच्या दोघांनी मोटर बनवली आहे."

दोन्ही वाक्यं एकाच संध्याकाळची. टीमनं दुसरं उचललं.

का उचललं, हे समजण्यासारखं आहे. प्रतिस्पर्धी टीमनं इंजिन बनवल्याची, म्हणजे त्यात बदल करून ताकद वाढवल्याची, बातमी पॅडॉकमध्ये (सगळ्या टीम जिथे उतरतात त्या आवारात) पसरली होती आणि ती खरीही होती. आपण मागे पडलो आणि समोरच्याकडे काहीतरी नवीन आहे, एवढं दिसलं की मन दोन्ही गोष्टी जोडून मोकळं होतं. शिवाय इंजिन विकत घेता येतं. बिल येतं, खोकं येतं, काहीतरी केल्यासारखं वाटतं. "ऐकत नाही" ही तक्रार कोणत्या दुकानात न्यायची?

समोर असलेले पर्याय

चौथ्या फेरीनंतरच्या रविवारी दांडिया बाजारातल्या घरी बैठक झाली. चौघंही फॉर्म्युला वन बघणारे, त्यामुळे वाद त्याच भाषेत झाला. मला या प्रकरणात सर्वांत रस वाटला तो इथेच, कारण प्रत्येकानं आपल्या मताला साजेसा हंगाम शोधून आणला होता.

दादाचा पर्याय: इंजिन. ताकद वाढवणारे भाग, म्हणजे हाय-कॉम्प्रेशन पिस्टन आणि नवी कॅमशाफ्ट, आणि त्याला साजेसा मॅप, म्हणजे इंधन आणि ठिणगीचं इलेक्ट्रॉनिक सेटिंग. त्याचं उदाहरण 2023 च्या मॅक्लारेनचं. पहिल्या 8 शर्यतींत त्या टीमचे फक्त 17 गुण होते. ऑस्ट्रियात जुलैच्या सुरुवातीला नवे भाग आले आणि हंगाम संपताना 302 गुणांसह टीम चौथी. "अपग्रेड केलं नाही तर मागेच राहणार," हा त्याचा मुद्दा.

काकांचा पर्याय: काही करू नका, आहे ती गाडी सांभाळा आणि गुण गोळा करा. त्यांचं उदाहरण 2009 च्या ब्रॉनचं. होंडानं डिसेंबर 2008 मध्ये अंग काढून घेतल्यावर त्याच टीमचं हे नवं रूप. जेन्सन बटननं पहिल्या 7 पैकी 6 शर्यती जिंकल्या आणि त्यानंतर एकही नाही. डबल डिफ्यूझरची, म्हणजे गाडीच्या मागच्या तळातून हवा खेळवून पकड वाढवायची, युक्ती बाकीच्यांनी उचलली, विकासाला पैसा तुटपुंजा, रेड बुल जोरात. तरी सुरुवातीच्या पुंजीवर बटन विजेता झाला आणि टीमही. पैसे ज्याचे त्याला हे उदाहरण आवडणार, यात आश्चर्य नाही.

ताईचा पर्याय कोणी पर्याय म्हणून ऐकलाच नाही. तिनं 2013 ची फोर्स इंडिया काढली. त्या वर्षी सिल्व्हरस्टोनला टायर फुटण्याचे प्रकार झाले आणि हंगेरीपासून टायरची बांधणी बदलली. त्याआधी फोर्स इंडिया मॅक्लारेनच्या पुढे होती, नंतर तिचे गुण आटले आणि टीम सहाव्या स्थानावर गेली. उलट बेल्जियमपासून रेड बुलच्या व्हेटेलनं सलग 9 शर्यती जिंकल्या, त्यात आपल्या बुद्ध सर्किटवरचीही होती. फोर्स इंडियाचे इंजिनिअर एका आठवड्यात बिनडोक झाले नव्हते. गाडी आणि जमीन यांच्या मधली वस्तू बदलली होती. ताईचं म्हणणं इतकंच: "आपल्या गाडीत काय बदललंय ते आधी बघा. इंजिन तर तेच आहे ना?"

मामांनी कुठलंच उदाहरण दिलं नाही. गाडी पूर्ण उघडून बघायला वेळ द्या, असं ते म्हणाले.

आणखी एक पर्याय चर्चेत येऊन गेला: बाहेरगावचा सस्पेन्शन ट्यूनर बोलवायचा. त्याची फी आणि प्रवास ऐकून विषय संपला.

पहिला निर्णय

इंजिन ठरलं. काका नाराज होते, पण दादानं त्यांना पटवलं. उरलेल्या हंगामाच्या पैशांतला निम्म्याहून जास्त भाग त्यात गेला. मध्ये उत्तरायण आलं. बडोद्यात 14 आणि 15 जानेवारीला पतंगाशिवाय काही होत नाही: कुरिअर बंद, दुकानं बंद. मांज्याच्या भीतीनं रायडरला गाडी घेऊन शेतावर जाऊ द्यायलाही घरचे तयार नव्हते, आणि ती भीती खोटी नाही. भाग उशिरा आले, बसवायला रात्री लागल्या आणि नव्या इंजिनावर जेमतेम एक सराव होऊ शकला.

या निर्णयाच्या वेळी टीमच्या हातात काय माहिती होती, ते बघण्यासारखं आहे. ताई प्रत्येक फेरीत स्टँडमध्ये एकाच प्रकारच्या जागेवरून व्हिडिओ काढायची, वूप्सच्या सुरुवातीपासून पुढच्या वळणापर्यंत. चौथ्या फेरीच्या दोन्ही शर्यतींत रायडर पहिल्या वळणावर पहिल्या तिघांत होता. सुरुवातीचं गेट पडल्यापासून पहिल्या वळणापर्यंतची सरळ धाव हीच इंजिनाची सर्वांत सोपी परीक्षा, आणि त्यात तो कुठेच कमी पडला नव्हता. वूप्स संपून वळणाआधी ब्रेक लावायच्या पट्ट्यात मात्र तो प्रत्येक लॅपला मागे राहत होता आणि लॅपागणिक जास्त. हे सगळं त्या रविवारी ताईच्या फोनमध्ये होतं. कोणी मागितलं नाही.

वहीत दुसराही एक पुरावा होता. मागच्या सस्पेन्शनचा सॅग, म्हणजे रायडर बसल्यावर मागचा भाग किती खाली बसतो ते माप. अशा गाड्यांत ते साधारण 100 मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. चौथ्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी एकाच सेटिंगवर तीन मापं लिहिलेली आहेत: 96, 109, 104. शेवटच्या आकड्याभोवती गोल केला आहे. एकाच गाडीवर, एकाच माणसाला बसवून माप असं नाचत असेल तर कुठेतरी काहीतरी अडकतंय, मोकळेपणी हलत नाही. पण 104 हा आकडा हवा तसा होता, म्हणून तो खरा धरला गेला.

पाचव्या फेरीत टीम सहावी. ट्रॅक काळ्या मातीचा, टँकरनं पाणी मारलेला. वाढलेल्या ताकदीनं मागचं चाक जागच्या जागी फिरत होतं आणि रायडरला थ्रॉटल उघडायची भीती वाटत होती. गुणतक्त्यात टीम तिसरी.

दुसरा निर्णय

आता घरात वातावरण तापलं होतं. दादाचं म्हणणं, इंजिनाचा मॅप नीट बसलेला नाही, अजून एक फेरी द्या. काकांनी पुढचे पैसे थांबवले. रायडरला आपल्याच फिटनेसबद्दल शंका येऊ लागली होती आणि तो पहाटे सयाजीबागेभोवती धावायला जात होता, ज्याचा या प्रश्नाशी काहीही संबंध नव्हता.

मामांनी सुचवलं: जुनी गाडी बाहेर काढू. एका सकाळी शेतावर दोन्ही गाड्या न्यायच्या. आधी नवी, मग जुनी, मग परत नवी. टायर दोन्हींवर एकाच प्रकारचे, हवा सारखी, रायडर तोच, वेळ ताई घेणार. शेवटी परत नवी गाडी चालवायची, कारण दिवस चढला की माती सुकते आणि रायडरही थकतो. पहिल्या आणि तिसऱ्या धावेत फारसा फरक नसेल तरच मधल्या धावेला काही अर्थ.

फॉर्म्युला वनच्या टीम शुक्रवारच्या सरावात एका गाडीवर जुना भाग आणि दुसरीवर नवा लावून हेच करतात. विंड टनेलमधला, म्हणजे गाडीवर वारा सोडून करायच्या चाचणीतला, फायदा ट्रॅकवर उतरतोच असं नाही, म्हणून. 2024 ची रेड बुल याचं ताजं उदाहरण. वर्स्टापेननं पहिल्या 10 पैकी 7 शर्यती जिंकल्या आणि मग साओ पाउलोपर्यंत एकही नाही. नवे भाग लागत गेले आणि गाडीचा तोल बिघडत गेला. जगज्जेतेपद त्यानं राखलं, टीम मात्र तिसरी आली. त्याआधीच्या वर्षी अॅस्टन मार्टिन: अलोन्सो पहिल्या 8 शर्यतींत 6 वेळा पोडियमवर, पुढच्या 14 शर्यतींत फक्त 2 वेळा. टीम शेवटी पाचवी. दादानं आणलेलं मॅक्लारेनचं उदाहरण आणि ही दोन्ही एकाच काळातली आहेत. अपग्रेडनं टीम वर जाते हे जितकं खरं, तितकंच अपग्रेडनं टीम रस्ता चुकते हेही, आणि यातलं आपल्याला कुठलं लागू हे दुसऱ्याचा हंगाम बघून कळत नाही.

दादानं चाचणीला विरोध केला. एक अख्खा सराव वाया जाईल, जुन्या गाडीचं इंजिन थकलेलं आहे, तुलना कशी होणार? विरोध बिनबुडाचा नव्हता. पण काकांनी पेट्रोलचे पैसे फक्त याच कामासाठी दिले, त्यामुळे निर्णय झाला.

काय सापडलं

थकलेल्या इंजिनाची जुनी गाडी खडबडीत पट्ट्यात नव्या गाडीपेक्षा वेगवान निघाली. सरळ पट्ट्यात ती हळू होती, अपेक्षेप्रमाणे. पण वूप्सनंतर ब्रेक लावून वळायच्या जागी, जिथे शर्यतीत वेळ जात होता, तिथे ती तिन्ही लॅपला पुढे. तिसऱ्या धावेतली नवी गाडी पहिल्या धावेइतकीच मागे. रायडर जुन्या गाडीवरून उतरला तेव्हा त्याचे हात मोकळे होते.

मामांनी तिथेच, शेतातल्या बाभळीखाली, नवी गाडी स्टँडवर चढवली आणि मागच्या शॉकचा (शॉक अॅब्सॉर्बरचा) खालचा बोल्ट काढला. शॉक सुटला की चाकासकट स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, स्वतःच्या वजनानं खाली पडला पाहिजे. तो पडला नाही. मामांनी हात काढून घेतला तरी चाक अधांतरी तसंच. दाबलं तेव्हा करकरत खाली आलं आणि वर उचललं तर पुन्हा तिथेच थांबलं. लिंकेज, म्हणजे शॉक आणि स्विंगआर्म यांना जोडणारे सांधे, उघडल्यावर आतल्या नीडल बेअरिंगांवर (बारीक सुयांसारख्या रोलरच्या बेअरिंगांवर) ग्रीसचा मागमूस नव्हता. तांबूस गंजाचा चिखल होता आणि एका बेअरिंगच्या काही सुया जागच्या जागी चिकटल्या होत्या.

प्रेशर वॉशचं पाणी. काळी माती निघावी म्हणून प्रत्येक सरावानंतर पाण्याचा जोरदार फवारा स्विंगआर्मच्या खाली, थेट बेअरिंग झाकणाऱ्या रबरी सीलवर. सीलमधून पाणी आत आणि ग्रीस बाहेर. पहिल्या तीन फेऱ्यांत बेअरिंग नवी होती, हळूहळू कोरडी होत गेली. एका दिवसात बिघडलं असतं तर लगेच कळलं असतं. इथे दर आठवड्याला थोडं थोडं जड होत गेलं आणि टीम दर आठवड्याला कॉम्प्रेशन आणि रिबाउंडचे क्लिकर, म्हणजे शॉक दबण्याचा आणि परत उसळण्याचा वेग ठरवणारे स्क्रू, फिरवून ते झाकत राहिली. वहीत ते सगळे क्लिक ओळीनं लिहिलेले आहेत, एकाच दिशेनं सरकत गेलेले.

जुन्या गाडीचं लिंकेज का टिकलं? ती धूळ खात पडून होती, म्हणून. तिला कोणी धुतलंच नव्हतं.

घसरणीचं सगळं खापर बेअरिंगवर फोडता येणार नाही, हेही नमूद करायला हवं. ताईच्या व्हिडिओंवरून दिसतं की पहिल्या क्रमांकाची टीम चौथ्या फेरीपासून खरोखरच वेगवान झाली होती, विशेषतः डबल मारताना. आपण जागच्या जागी राहिलो असतो तरी त्या फेरीत जिंकलो नसतो. दुसरे आलो असतो असा माझा अंदाज. फॉर्म्युला वनमध्ये तर नियमच असा आहे की गुणतक्त्यातल्या पहिल्या टीमला विंड टनेलचा वेळ ठरलेल्या मापाच्या 70 टक्केच मिळतो आणि दहाव्या टीमला 115 टक्के, म्हणजे मागच्यांनी गाठावं ही व्यवस्थाच आहे. सुपरक्रॉसमध्ये असा नियम नाही, पण पुढे असलेल्याची रेषा, गिअर आणि टायर सगळं पॅडॉक बघत असतं.

शेवटच्या दोन फेऱ्या

सहाव्या फेरीसाठी नव्या गाडीत नवी बेअरिंग बसली, भरपूर ग्रीस लावून. क्लिकर तिसऱ्या फेरीच्या नोंदीवर परत आणले. मग प्रश्न आला इंजिनाचा. दादाला सुधारलेलं इंजिन ठेवायचं होतं, मागचं चाक आता जमीन धरणार तर ताकद कामी येईल म्हणून. मामांना जुना पिस्टन परत हवा होता. तडजोड म्हणून इंजिन तसंच ठेवून मॅप सौम्य केला. मला हा निर्णय कच्चा वाटतो. बेअरिंग, क्लिकर आणि मॅप, तिन्ही एकाच फेरीत बदलले. टीम तिसरी आली, पण कशामुळे किती फरक पडला हे त्यांना सांगता येत नाही, मलाही येत नाही.

सातव्या फेरीआधी मामांनी मूळ इंजिन बसवलं, बाकी काहीही न बदलता. दुसरा नंबर. दुसऱ्या शर्यतीत रायडर शेवटच्या लॅपपर्यंत पहिल्याच्या मागच्या चाकाला होता. हंगामात टीम तिसरी राहिली, दुसऱ्या टीमपेक्षा थोड्या गुणांनी मागे. पाचव्या फेरीत चौथा नंबर जरी आला असता तरी दुसरं स्थान मिळालं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

चौथ्या फेरीनंतरच्या बैठकीत रायडरचं वाक्य वहीतून मोठ्यानं वाचलं असतं आणि ताईचे व्हिडिओ टीव्हीवर लावले असते, तर इंजिनाचा विषय तासाभरात मागे पडला असता, असं मला वाटतं. माहिती घरातच होती. ती मांडायला कोणी जबाबदार नव्हतं. दादाची जबाबदारी स्पॉन्सर आणि प्रवासाची, मामांची गाडीची, आणि ताई "व्हिडिओ काढते" एवढंच.

काकांचा "काही करू नका" हा पर्यायही या गाडीवर चालला नसता. ब्रॉनची गाडी बिघडत नव्हती, बाकीचे सुधारत होते. इथे गाडी स्वतःच दर आठवड्याला बिघडत होती. गुण सांभाळत बसले असते तर सातव्या फेरीपर्यंत बेअरिंग पूर्ण जाम झाली असती, कदाचित उडी मारताना.

मामांबद्दल थोडं. त्यांनी गाडी उघडायला वेळ मागितला होता आणि तो मिळाला नाही, हे खरं. पण लिंकेजला ग्रीस ही मोसमाच्या मध्यात करायची साधी देखभाल आहे आणि तिची नोंद वहीत कुठेच नाही. याबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, "इंजिनाचे तास लिहीत होतो. खालचं लिहायला रकानाच नव्हता." आता आहे. लिंकेज, स्विंगआर्म आणि स्टीअरिंग हेडच्या बेअरिंगसाठी वेगळं पान आहे, आणि गाडी धुताना फवारा सीलवर मारायचा नाही, माती सुकू देऊन लाकडी पट्टीनं खरवडायची, असं ठरलं आहे. प्रत्येक फेरीआधी शॉक सोडून चाक हातानं खाली-वर करून बघणं हे रायडरनं स्वतःकडे घेतलं आहे. सॅग तीनदा मोजायचा, आणि आकडे एकमेकांच्या जवळ नसतील तर गोल करायचा नाही.

हाय-कॉम्प्रेशन पिस्टन आणि कॅमशाफ्ट सध्या काकांच्या शॉपमधल्या कपाटात आहेत. दादाला ते विकून टाकायचे आहेत, रायडरला वाळूच्या ट्रॅकसाठी ठेवायचे आहेत. पुढच्या हंगामाची शहरं जाहीर झाली की बघू, तोवर कपाटाची किल्ली काकांकडे राहील, असं मामांनी दोघांना सांगितलं आहे.